किल्ली कुणाच्या कमरेला?

"बाई, ऐकलंत का? आमच्या माहेरी पोथीवरून महाभारत झालं!"

वहिनींनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बातमी टाकली तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत होते. आमच्या अमरावतीच्या या गल्लीत भिंत चार फुटी आहे. बातमीला अडेल एवढी उंची तिला बांधणाऱ्यानं दिलेलीच नाही.

"कशाची पोथी? शेताच्या वाटणीची की काय?"

"वाटणीची असती तर बरं होतं. दोन वकील लावले की मिटलं असतं. ही आजोबांपासून देव्हाऱ्यात ठेवलेली बासनातली पोथी आहे."

वहिनींचं माहेर रिद्धपूरच्या बाजूचं. घर महानुभाव पंथाचं, उपदेशी, म्हणजे पंथाची दीक्षा घेतलेलं. फोन उचलला की 'हॅलो'च्या आधी 'दंडवत प्रणाम' येतो. भाचा नागपूरला शिकतो. सुट्टीत घरी आला, म्हणाला, पोथीचे मोबाइलवर फोटो काढतो, विद्यापीठातल्या सरांना दाखवतो. झालं! मोठे काका आडवे पडले. "आधी उपदेश घे, मग पोथीला हात लाव," म्हणाले. भाचा म्हणाला, "फोटोला कशाला लागतो उपदेश?" वहिनींची आई मधल्यामध्ये रडायला लागली.

"अन् पोथीत आहे तरी काय?" मी विचारलं.

वहिनींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "तेच तर कुणाला ठाऊक नाही. सकळ लिपीत आहे. काकांनाही वाचता येत नाही."

समोरच्या मावशी गेटपाशी भाजीवाल्याची वाट बघत उभ्या होत्या. कान इकडेच. त्या रस्ता ओलांडून आल्याच. "म्हणजे कुलूप आहे, किल्ली हरवली, अन् राखणदार दारात बसलाय! काहून बाप्पा, असं काय दडवून ठेवायचं असतं देवाच्या पुस्तकात?"

मी तीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. असा प्रश्न आयता समोर आला की अंबाडी बाजूला राहते. पण आधी वहिनींनाच बोलू दिलं. घर त्यांचं.

"दडवून नाही हो मावशी," वहिनी म्हणाल्या, "जपून. आमच्याकडे म्हणतात, ब्रह्मविद्या तोंडानं द्यायची अन् कानानं घ्यायची. सूत्र नुसतं वाचून काय कळणार? स्वामी ते कुणाला म्हणाले, कुठं म्हणाले, कशावरून म्हणाले, ते महंत सांगतात तेव्हा अर्थ लागतो. उलटा अर्थ काढून कुणी गावभर करू नये म्हणून बंदोबस्त."

त्यात तथ्य आहे. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी, त्यांनी स्वतःच्या हातानं ग्रंथ लिहून ठेवला नाही. ते बोलत गेले, माणसं ऐकत गेली. 1274च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांना काळजी लागली, की हे बोलणं आता टिकायचं कसं? तेव्हा त्यांचे शिष्य म्हाइंभट उठले. ज्यानं ज्यानं स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि रिद्धपुरात बसून लिहिल्या. 1278च्या आसपासचं हे लीळाचरित्र. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हणून मी पोरांकडून घोकून घेत असे, तो हाच. पुढे पंथातल्याच केसोबासांनी त्यातली वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला, दृष्टांत वेचून 114 दृष्टांतांचा दृष्टांतपाठ केला.

"अन् लिहिलं ते मराठीत की संस्कृतात?" मावशी.

"मराठीत! तीच तर गंमत आहे," मी म्हटलं. "केसोबास संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना संस्कृतात रचना करायची हौस. पण नागदेवाचार्यांनी अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे पंथाचे पहिले आचार्य म्हाताऱ्यांची बाजू घेऊन भांडले."

मावशी खूश झाल्या. सत्तरी ओलांडल्यावर आपल्या बाजूनं कुणी भांडलेलं ऐकलं की बरं वाटतं, मग ते सातशे वर्षांपूर्वी का असेना.

"मग त्याच म्हाताऱ्यांच्या नातींना कळू नये अशी लिपी कुणी काढली?"

आता आली का पंचाईत! वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या.

सकळ लिपीचं श्रेय रवळोबासांना देतात. चौदाव्या शतकातली गोष्ट. युक्ती म्हणाल तर सोपी, म्हणाल तर डोकं फिरवणारी. अक्षरं बरीचशी आपलीच, देवनागरीची. पण एकाच्या जागी दुसरं बसवलेलं. मधूनमधून नवीन खुणा. त्यामुळे पान उघडलं की वाटतं, हे तर आपलंच लिखाण! आणि वाचायला जावं तर एक शब्द लागेल तर शपथ. सकळसारखीच सुंदरी लिपी, आणि त्यापुढेही कितीतरी. आम्नाय, म्हणजे पंथातली शाखा, वेगळा झाला की लिपीही वेगळी व्हायची.

"मी पाहिलंय ते पान," वहिनी म्हणाल्या. "लहानपणी. आजोबा वर्षातून एकदा बासन सोडायचे. जाड पिवळट कागद, काळी कुळकुळीत शाई, दोन्ही बाजूंना तांबड्या रेघा. मला नुकतीच बाराखडी आली होती. मी 'क' ओळखला, 'म' ओळखला, मोठ्यानं वाचायला लागले. आजोबा हसले अन् म्हणाले, पोरी, तो 'क' म्हणजे 'क' नव्हे!"

काळही तसाच होता म्हणा. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतांशी पंथाचं वाकडं. स्वामी जातपात मानत नव्हते, बायकांना संन्यास देत होते. हे पचणार कुणाला? त्यातच देवगिरी पडली, धामधूम झाली. पंथातच सांगतात, की त्या पळापळीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी आठवून आठवून पुन्हा उभं केलं. त्यात हिराइसा नावाच्या बाईंचा पाठ मोठा मानतात.

"बघा!" मावशींनी हात नाचवला. "पुरुषांनी हरवलं, बाईनं आठवलं."

"असंच काही नाही मावशी," वहिनी म्हणाल्या, पण हसल्याच.

आठवून लिहायचं म्हटल्यावर एकाचं दुसऱ्याशी जुळेना. पाठभेद झाले. माझा पाठ खरा की तुझा, यावर आम्नायांत कुरबुरी. एकदा पोळलेली माणसं दुसऱ्यांदा पोथी कडीकुलपात ठेवणारच. तेव्हा लिपी केली हा काही शुद्ध खोडसाळपणा नव्हता. आणि कबूल करायला हवं, की त्या कुलपानंच पोथ्या वाचवल्या. बाहेरच्यांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांना त्यात पदरचं घुसडता आलं नाही. तेराव्या शतकातलं बोलणं, बायामाणसांचं, शेतातलं, घाटावरचं, त्याच थाटात आपल्यापर्यंत आलं. पंथ पंजाबात गेला, तिकडे त्याला जयकृष्णी म्हणतात. तिकडच्या संन्याशांनीही या पोथ्यांसाठी मराठी शिकून घेतली.

"पण नुकसानही आमचंच झालं," वहिनी अचानक गंभीर झाल्या. "आत काय आहे ते कुणाला दिसेना. मग लोकांनी मनाला येईल ते बोलायचं. काळे कपडे बघून नावं ठेवायची. आमच्यावर म्हणीसुद्धा पाडल्या लोकांनी. शाळेत पोरी ऐकवायच्या मला. उत्तर काय देणार? आपली पोथी आपल्यालाच येत नाही!"

हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. झाकलेल्या घराबद्दल गाव नेहमी वाईटच बोलतं.

कुलूप फोडलं ते इतिहासाचार्य राजवाड्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सकळ आणि सुंदरीची उकल झाली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला नवा मजलाच चढला. भाव्यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत'च्या 1919च्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला जागा मिळाली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने ही आपल्या विदर्भातली मंडळी पोथ्यांमागे लागली. नेन्यांनी 1936पासून लीळाचरित्र छापायला घेतलं. पंथातल्या काही महंतांनी विश्वासानं पोथ्या हातात दिल्या म्हणून हे जमलं, तेही विसरू नये.

"मग मिटलं की भांडण," मावशी म्हणाल्या.

"कुठलं मिटतंय! खरं भांडण तर छापल्यावर लागलं."

वि. भि. कोलते, आपले नागपूरचेच, विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. जन्मभर महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास. त्यांनी संपादलेलं लीळाचरित्र 1978 साली राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापलं. पंथातले अनेक जण खवळले. त्यातल्या काही लीळा आमच्या मान्य पाठातल्या नाहीत, स्वामींना कमीपणा आणणाऱ्या आहेत, असा आक्षेप. वाद पेटला, आणि ज्या सरकारनं पुस्तक छापलं त्याच सरकारला ते विक्रीतून काढून घ्यावं लागलं. जुन्या काळी अक्षरं बदलून कुलूप लावत. आता एक सरकारी कागद पुरला.

"यात आमच्या लोकांचं दुखणंही समजून घ्या बाई," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला ते वाङ्मय, आम्हाला तो देव. आमच्या देवाबद्दल कुठली पोथी खरी, हे बाहेरच्यानं ठरवायचं?"

"बाहेरच्यानं ठरवू नये, मान्य. पण वाचूही नये? आक्षेप असेल तर शेजारी आपला पाठ छापा, खाली टीप लिहा. म्हाइंभटांनी तर जमतील तेवढ्यांना विचारून लिहिलं होतं."

एवढ्यात मावशींना पुण्याची आठवण झाली. त्यांचा पुतण्या कोरेगाव पार्कात, ओशोंच्या आश्रमाच्या बाजूला राहतो. "ते ओशोवाले पण पुस्तकांवरून भांडतात म्हणे!"

भांडतात तर! ओशोंनीही हातानं लिहिलं थोडंच, सगळी प्रवचनं. ते 1990 साली गेले आणि शेकडो पुस्तकांचा हक्क परदेशातल्या एका फाउंडेशनकडे. नावाचाही ट्रेडमार्क. दिल्लीकडचे अनुयायी म्हणाले, गुरूचं नाव ही काय साबणाची वडी आहे? त्या ट्रेडमार्कच्या दाव्यात अमेरिकेत 2009 साली फाउंडेशन हरलं, युरोपात 2017 साली जिंकलं. आपल्या कायद्यानं लेखकामागे 60 वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे तिथली किल्ली कोर्टाच्या फायलीत. निदान त्यांची भाषा आणि लिपी तरी वाचता येते.

"ते जाऊ दे," मावशींनी विषय परत ओढला. "मला सांग, त्या लीळाचरित्रात असं आहे तरी काय, की एवढं झाकावं?"

मी म्हटलं, एक लीळा सांगते. शिकाऱ्यांनी ससा उठवला. ससा धावत आला तो स्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकारी आले, आमची शिकार द्या म्हणाले. स्वामींनी ससा दिला नाही. त्यांना शांतपणे समजावलं, आणि ते निघून गेल्यावर सशाला सोडून दिलं.

"यात झाकण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही. आता दुसरी. एका बाईनं विटाळाचं विचारलं. स्वामी म्हणाले, शरीराला नऊ द्वारं. नाकातून शेंबूड येतो, डोळ्यांतून चिपडं येतात, तसाच तोही देहाचा धर्म. त्यात विटाळ कसला?"

मावशी गप्प. चांगल्या गप्प.

"हे... तेव्हाच सांगितलं होतं?"

"सातशे वर्षांपूर्वी. मराठीत."

"अन् माझी आजी," मावशी सावकाश म्हणाल्या, "दर महिन्याला गोठ्याशेजारी बसायची. पावसाळ्यातसुद्धा. थंडीत ताप घेऊन बसलेली मी पाहिली आहे. तिला कुणी हे वाचून दाखवलं असतं तर?"

वहिनींनाही बोलता येईना. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आमच्या घरात हे महंतांनी सांगितलेलं होतं. आई कधी बाजूला बसली नाही. पण आम्ही ते बाहेर बोललो नाही, खरं आहे."

मला वाटतं, या सगळ्या भांडणाचा निवाडा मावशींच्या आजीनंच केला. पोथी जपणाऱ्यांनी जपली म्हणून ती आज आहे. त्याबद्दल त्यांना दंडवत. पण जपणं हे पहिलं काम होतं, शेवटचं नव्हे. ज्या बोलण्यासाठी नागदेवाचार्य संस्कृत नाकारतात, ते बोलणं निवडक कानांपुरतं ठेवलं तर त्यांच्याच म्हाताऱ्या नागवल्या जातात. उपदेश, साधना, संन्यास यांचे नियम पंथानं खुशाल ठरवावेत. वाचण्याचा नियम मात्र आचार्यांनी तेव्हाच ठरवून टाकला आहे.

आता काळही बदलला. महंत मंडळी स्वतः ग्रंथ छापतात, यात्रेत पुस्तकांची दुकानं असतात. लीळाचरित्र आता इंग्रजीतही जातं आहे. ॲन फेल्डहाउस बाईंनी केलेला अनुवाद 2024पासून हार्वर्डच्या छापखान्यातून येऊ लागला. आणि त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. वहिनींच्या काकांच्या घरापासून पोथी तिथवर न्यायला एसटी पुरे.

तेव्हा ज्यांच्या घरी बासनात अशी पोथी आहे, त्यांना एवढंच सांगणं: ती विकू नका, कुणाला फुकट देऊनही टाकू नका, घरातच ठेवा. पण वाळवी उपदेश घेत नाही आणि लिपीही विचारत नाही. सकळ लिपी येणारे महंत अजून आहेत, अभ्यासक आहेत. त्यांना मानानं घरी बोलवा, त्यांच्यासमोर बासन सोडा, पानापानाची छायाचित्रं काढून घ्या, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला पुढे बसवून ती पोथी मोठ्यानं वाचून घ्या. पहिला हक्क तिचा आहे.