डेंगळा दाखवा, मग बोला

नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला कांदा ओळखायला शिकवणं म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठोबा दाखवणं. तरीही उत्तराखंडातल्या नीती खोऱ्यात, मलारीच्या वरच्या उतारावर, आमच्यासोबतच्या निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांनी गवताच्या एका झुबक्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ओळखा."

लासलगावात आम्ही रंग बघतो, आकार बघतो, पत्ती बघतो. इथे सगळा माल जमिनीखाली, आणि उपटायला सरांची सक्त मनाई.

"पान चुरगळा, हुंगा. पण नाकाची साक्ष एकदाच खरी. बोटांना वास लागला की पुढचं गवतही कांदाच."

वासाला महत्त्व आहेच. आपल्या सह्याद्रीतला कोळकांदा दिसायला अगदी घरचा, पण त्याला कांद्याचा वास नाही, आणि पोटात गेला तर थेट हृदयाशी खेळतो. पण वासावरून फक्त घराणं कळतं, व्यक्ती नाही. व्यक्तीसाठी सरांना हवा होता डेंगळा, म्हणजे फुलांचा दांडा!

आमच्याकडे कांद्याला डेंगळा आला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. तो कांदा टिकत नाही, व्यापारी भाव पाडतो. सर मात्र डेंगळा नसलेल्या झाडाकडे ढुंकून बघेनात. कोनदार दांड्यावर जांभळ्या चांदण्या असतील तर अ‍ॅलियम वॉलिची. पिवळसर फुलं आणि पाकळ्यांबाहेर डोकावणारे पुंकेसर असतील तर अ‍ॅलियम स्ट्राची. आणि गडद जांभळ्या फुलांचा अ‍ॅलियम नेगियानम, तो तर याच मलारीचा. शास्त्राने त्याचं बारसं केलं २०२१ साली, कांद्यांच्या शोधात डोंगर पालथे घालणाऱ्या डॉ. कुलदीपसिंग नेगींच्या नावाने. गावकरी त्याआधीपासूनच त्याची फोडणी देत होते, बिनबारशाची. (आयुष्यभर भाव पडल्याचं ऐकत आलेल्या मला, डेंगळ्यासमोर भिंग घेऊन गुडघे टेकलेला माणूस बघून भरून आलं.)

संध्याकाळी गावातल्या एका आजींनी जेवायला वाढलं. डाळीत वाळवलेल्या पानांची खमंग फोडणी.

"ये कौनसा है?" सरांनी विचारलं.

"फरण."

"और वो, ऊपरवाला?"

"वो भी फरण."

सरांचं समाधान होईना. चष्मा कपाळावर सरकवून, खिशातलं भिंग काढून ते वाटीत डेंगळ्याचा एखादा तुकडा शोधू लागले. आजी कासावीस झाल्या.

"बाल निकला क्या, साब?"