मॉड्यूलवीर अण्णा

आमच्या बँकेच्या शाखेत अण्णांइतका शिकलेला माणूस दुसरा नाही. सायबर सुरक्षा, नेतृत्वगुण, ताणतणावाचं व्यवस्थापन, झाडून सगळ्या ऑनलाइन कोर्सेसची सर्टिफिकिटं त्यांच्याकडे आहेत. पासवर्ड मात्र मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर.

त्यांचा अभ्यास बघण्यासारखा. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावायचा, आवाज बंद करायचा आणि शेजारी चेक पास करत बसायचं. मधूनच ‘नेक्स्ट’ दाबायचं. परीक्षेत ‘वरीलपैकी सर्व’ दिसलं की तेच, नसेल तर सगळ्यांत लांबलचक उत्तर. नापास होणं ठाऊक नाही. ताणतणावाच्या कोर्सची मुदत जवळ आली की बीपी वाढतं, तेवढंच.

पण माणूस ढ नाही हो! पासबुकचा प्रिंटर अडला की मेकॅनिकच्या आधी अण्णांना हाक. ते झाकण उघडणार, रिबनची कार्ट्रिज काढून तिची चकती अंगठ्याने फिरवत सैल फीत ताणून घेणार, रोलरवर एक फुंकर मारणार. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जेवणाचा डबा तसाच ठेवून, गुणगुणत, आपले आपण शिकले.

मग हेड ऑफिसला प्रेरणेचं शास्त्र सापडलं. ट्रेनर आले, मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड दाखवून गेले. (१९४३च्या मूळ लेखात मास्लोने पिरॅमिड काढलेलाच नाही, पण स्लाइडला त्रिकोणाशिवाय शोभा कुठली!) पाठोपाठ योजना आली: सहकाऱ्याची अडचण सोडवली की पॉइंट, पॉइंट साठले की बॅज.

ट्रेनरसाहेबांनी मानसशास्त्रज्ञ लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३चा प्रयोग वाचायला हवा होता. स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधी बक्षीस कबूल केलं आणि मग चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं रंगीत पेनांकडे इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ फिरकली. आमचं बाळ निवृत्तीला आलेलं, पण निकाल तोच.

परवा पेन्शनच्या गर्दीत प्रिंटर अडला. एक आजोबा पासबुक पुढे करून उभे. मी हाक मारली. अण्णा जागचे हलले नाहीत.

“पोर्टलवर नोंद केलीस? नोंदीशिवाय पॉइंट चढत नाहीत.”

पोर्टल मला आत घेईना. आधी सायबर सुरक्षेचा राहिलेला कोर्स पुरा करा, म्हणे.

“मग कर की,” अण्णा म्हणाले. “पाच मिनिटांचं काम. आवाज तेवढा बंद ठेव.”