पिवळ्या चीजचं प्रकरण

दार लोटून घ्या आणि मगच ऐका. भिंतींना कान असतात, आणि इथल्या भिंती तर लाकडाच्या.

टेक्ससमधल्या या ऑस्टिन शहरात आमच्या मुलाच्या घराचं आणि समोरच्या मराठी घराचं जाणं-येणं गेले पंधरा दिवस बंद आहे. भांडण पैशाचं नाही, मुलांच्या मार्कांचं नाही, गणपतीत पहिल्या आरतीचा मान कोणाला यावरूनही नाही. भांडण टाकोवरून आहे. शनिवारी सकाळी टाको कुठे खायचे, आणि खातो ते अस्सल की बाटलेले, यावरून घरांचे हप्ते फेडणारी, शिकलीसवरलेली माणसं अबोला धरून बसली आहेत. नाशिकहून सहा महिन्यांसाठी लेकाकडे आले, ती काय हे बघायला?

तुम्ही म्हणाल, मराठी माणसाला भांडायला काहीही पुरतं. तसं नाही हो, हे इथल्या पाण्यातच आहे. इथून गाडीनं दीड तासावर सॅन अँटोनियो लागतं. २०१६ साली एका लेखात कोणीतरी लिहून बसलं की ब्रेकफास्ट टाकोचं माहेर ऑस्टिन. झालं! तिकडे कित्येक पिढ्या कामावर निघताना टॉर्टियात, म्हणजे त्यांच्या पोळीत, अंडं-बटाटा गुंडाळून नेणारी माणसं खवळली. त्या लेखकाला राज्यातून घालवून द्या, अशी सह्यांची मोहीम निघाली. तडीपारी! आपल्याकडे त्यासाठी निदान दोन-चार गुन्हे नावावर लागतात. शेवटी मार्च महिन्यात ऑस्टिनचे महापौर स्टीव्ह ॲडलर आणि सॅन अँटोनियोच्या महापौर आयव्ही टेलर समोरासमोर आले आणि दोन्ही गावं जोडणाऱ्या आय-३५ हमरस्त्याच्या नावानं टाकोचा तह झाला. मिसळीवरून पुणं, कोल्हापूर आणि आमचं नाशिक इतकी वर्षं एकमेकांना नावं ठेवतायत, पण महापौरांना कोणी कामाला लावलं नव्हतं.

बरं, तो जगावेगळा पदार्थ तरी काय? माझ्यापुढे पहिल्याच शनिवारी 'मिगास टाको' ठेवला. टॉर्टियाचे तुकडे तळायचे, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची, वर अंडी फोडून हलवायचं, चीज भुरभुरायचं आणि हे सगळं पुन्हा एका टॉर्टियात भरायचं. मी बघतच राहिले. अहो, ही फोडणीची पोळी! पोळीचा कुस्करा पोळीतच गुंडाळून वाढायचा, आणि तोही घरी नाही, उन्हात रांग लावून. व्हेराक्रूझहून आलेल्या दोन बहिणींनी एका ट्रेलरवर 'व्हेराक्रूझ ऑल नॅचरल' सुरू केलं, तिथला हा मिगास टाको म्हणजे इथल्या पोरांचं पंढरपूर. शिळ्या पोळीचा कुस्करा मी कधी पाहुण्यांपुढे ठेवला असता तर सासूबाईंनी माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे त्याच कुस्कऱ्याचे डॉलर मोजायचे आणि वर वीस टक्के टिप. चवीचं नंतर बोलू. आत्ता बोलले तर वाक्य पुरं व्हायचं नाही.

तर तट दोन आहेत. समोरच्या वहिनी मूळच्या कोल्हापूरच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना टाको आणि टोस्टाडा यातला फरक कळत नव्हता, असं माझी सून सांगते. (सून खोटं बोलत नाही, फक्त थोडं वाढवते.) आता त्या भुवई उडवून म्हणतात, "आम्ही टेक्स-मेक्स नाही हं खात, काकू. आम्ही फक्त इंटिरियर." मला वाटलं, घराच्या सजावटीचं बोलतायत. मी पडद्यांच्या रंगावर पाच मिनिटं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. मग कळलं की टेक्ससच्या वळणाचं मेक्सिकन जेवण ते टेक्स-मेक्स, आणि मेक्सिकोच्या आतल्या प्रांतांमधल्या जेवणाला ऑस्टिनकर 'इंटिरियर मेक्सिकन' म्हणतात. १९७५ साली इथे 'फोंडा सॅन मिगेल' निघालं, तेव्हापासूनचं हे सोवळं. तिथे मोले नावाचा काळपट, दाट रस्सा मिळतो, युकातानकडचं केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मटण मिळतं. पुढे 'निक्स्टा' नावाचं एक टाकोघर निघालं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून टॉर्टिया करतात, आणि तिथल्या एडगर रिको या शेफला २०२२ साली जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. वहिनी हे असं सांगतात, जणू बोलावणं त्यांनाच आलं होतं.

आणि या सोवळ्याचं मूळ कुठे, ते ऐका. १९७२ साली डायना केनेडी नावाच्या बाईंनी मेक्सिकोच्या स्वयंपाकावर मोठं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत मेक्सिकन म्हणून जे ताट पुढे येतं त्याची त्यांनी चांगली खरडपट्टी काढली. बाई मेक्सिकोत राहिल्या, गावोगाव फिरल्या, सगळं मान्य. पण जन्म इंग्लंडचा! म्हणजे मेक्सिकन काय नि काय नव्हे हे ठरवलं एका इंग्रज बाईनं, आणि ते सोवळं पाळतायत रंकाळ्याकाठच्या वहिनी.

दुसरा तट आमच्याच घरात. सांगायला लाज वाटते, पण लपून थोडंच राहणार? माझा मुलगा क्वेसोच्या पूर्ण आहारी गेलाय. स्पॅनिशमध्ये क्वेसो म्हणजे नुसतं चीज. इथे मात्र क्वेसो म्हणजे वाडग्यातलं गरम, पातळ, हळदीच्या अंगानं पिवळं झालेलं प्रकरण. घरी करायचं तर वेल्व्हिटाची वडी आणि रो-टेलचा डबा, म्हणजे टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या, एका पातेल्यात टाकून वितळवायचं. स्वयंपाक संपला. त्या वडीच्या वेष्टनावर मी चष्मा लावून वाचलं. नुसतं 'चीज' म्हणायची प्राज्ञा नाही, पुढे 'प्रॉडक्ट' असं जोडलंय. स्वतःला चीज म्हणवून घ्यायची ज्याला चोरी, ते खायला माझा एम. एस. झालेला मुलगा शुक्रवारी संध्याकाळी तासभर टेबलाची वाट बघत उभा राहतो. एवढ्या कष्टांचं हे चीज!

तो उभा राहतो ते 'मॅट्स एल रांचो'मध्ये. १९५२ सालचं दुकान. तिथला मानकरी पदार्थ 'बॉब आर्मस्ट्राँग डिप'. हे बॉब आर्मस्ट्राँग कोणी स्वयंपाकी नव्हेत. टेक्सस राज्याचे जमीन-आयुक्त. एकदा आले आणि मालकाच्या मुलाला म्हणाले, यादीत नाही असं काहीतरी दे. त्यानं क्वेसोच्या वाडग्यात खिमा आणि ग्वाकामोले ढकललं. साहेब खूष, आणि पदार्थाला साहेबांचं नाव. आपल्याकडे अशा माणसाचं नाव फार तर चौकाला देतात. मी त्यातलं खिम्याविना मागवलं. फक्त बघायला म्हणून. वाडगा रिकामा कधी झाला ते कळलं नाही. नातवानं खाल्लं असेल.

बार्टन स्प्रिंग्स रस्त्यावरचं 'चुईज' आणखी वेगळं. आत शिरल्यावर एल्विस प्रेस्लीचा देव्हारा! मी सवयीनं चप्पल काढणार होते. २००१ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या एकोणीस वर्षांच्या जुळ्या मुली इथे आल्या आणि पिण्यावरून पोलीस केस होऊन जगभर छापून आल्या, कारण इथे एकविशीच्या आत दारू चालत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या मुलींची ही कथा, तर आपण कोण? आणि ती बर्फाळ मार्गारिटा तरी काय सोज्वळ! १९७१ साली डॅलसच्या एका हॉटेलवाल्यानं सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात मद्य घुसळलं, आणि ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय. चरखा ठेवावा तसं.

फाहिताचं तर बोलूच नका. शब्दाचा अर्थ छोटा पट्टा; गाईच्या पोटाजवळची मांसाची पट्टी, एकेकाळी गुरं राखणाऱ्यांच्या वाट्याला टाकायची. १९८२ साली इथल्या हयात हॉटेलनं ती चुरचुरत्या तव्यावर ठेवून दिवाणखान्यात मिरवली आणि ती राणी झाली. आता माझी सून 'मशरूम फाहिता' मागवते.

शाकाहारावरून आठवलं. हे मात्र कोणाला सांगू नका, विशेषतः आमच्या नणंदेला. घराजवळच्या एका साध्याशा खानावळीत मला राजम्याच्या जातीच्या दाण्यांचं घोटलेलं पिठलं फार आवडलं. रिफ्राइड बीन्स. इतकं खमंग, इतकं लुसलुशीत, की श्रावणी सोमवार मी दोनदा त्यावर सोडला. तिसऱ्या वेळी नातवानं सहज विचारलं, "आजी, यू नो, त्यात लार्ड असतं ना?" मला वाटलं, लॉर्ड. देवाचं नाव घेतोय पोरगा, चांगले संस्कार आहेत. मग सुनेनं मान खाली घालून खुलासा केला की ती डुकराची चरबी. आणि शेजारचा केशरी भात कोंबडीच्या पाण्यात शिजलेला. खानावळीची काही चूक नाही, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि आम्ही विचारलं नव्हतं. त्या रात्री मी शंकराची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी सुनेला विचारलं, चरबीविना कुठे मिळतात.

आता चवीचं. पहिल्याच घासाला मला माहेरी आल्यासारखं का वाटलं, याचा मी दोन दिवस विचार करत होते. मग लक्षात आलं. जिरं! खुद्द मेक्सिकोत जिरं बेतानं घालतात. टेक्ससवाले मुठीनं घालतात. १७३१ साली कॅनरी बेटांवरची काही कुटुंबं सॅन अँटोनियोत वसली, त्यांच्या हातानं हे जिरं आलं असं सांगतात. पुढे त्याच गावच्या चौकांत संध्याकाळी बायका चुली मांडून, कंदील लावून तिखटजाळ चिली विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसानं मिरची नि जिरं एकत्र दळून बाटलीत भरून विकायला काढलं. म्हणजे काय केलं? मसाला केला! आमच्याकडे दर उन्हाळ्यात डंकावर होतो, त्याचं जर्मनानं दुकान थाटलं. आणि बाटलेलं कोण म्हणतंय? १८३६ पर्यंत टेक्सस हा मेक्सिकोचाच मुलूख होता. ही माणसं कुठे गेलीच नव्हती. सीमा त्यांच्या चुलीवरून पलीकडे सरकली. त्या चुलीवर जे शिजत राहिलं, त्याला नक्कल म्हणायचं?

हेच मी एकादशीला बोलले, आणि तिथेच घोटाळा झाला. अबोला कोणामुळे हे सांगायचं टाळत होते, पण आता निघालंच आहे तोंडातून. वहिनी आमच्याकडे फराळाला आल्या होत्या. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. खिचडी खाता खाता त्यांनी सुरू केलं की तुमचा मुलगा खातो ते भेसळीचं, परंपरा अशी नसते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या ताटलीत बघा. साबुदाणा ज्या कंदाचा तो अमेरिका खंडातला. शेंगदाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, हिरवी मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली. या बाजूचं असं त्यात जिरं आणि तूप तेवढं. विठोबासाठी धरलेला तुमचा उपवास माझ्या मुलाच्या टाकोपेक्षा जास्त मेक्सिकन आहे!"

वहिनींनी चमचा ठेवला. खिचडी मात्र संपवली होती, हे नमूद करते. त्या दिवसापासून समोरचं दार बंद. काल त्यांच्या गाडीतून 'एच-ई-बी'च्या पिशव्या उतरताना दिसल्या, त्यात त्याच दुकानात भाजलेल्या, लोणी घातलेल्या मैद्याच्या टॉर्टियांची पाकिटं. तीन. पोळ्या लाटायचा कंटाळा आला की त्यावर मटकीची उसळ वाढतात, असं आतल्या गोटातून समजलं. इंटिरियर म्हणे!

हे सगळं मी परवा फोनवर नाशिकच्या भाचीला सांगत होते. ती म्हणाली, "मामी, आपल्याकडे पण मिळतं आता मेक्सिकन, थांब," आणि तिनं कॉलेज रोडवरच्या ताटलीचा फोटो पाठवला. नाचोज. वर मक्याचे गोड दाणे, मेयोनेज, आणि पांढरं, रबरासारखं लांबणारं पिझ्झाचं चीज.

मी फोटो मोठा करून पाहिला.

"अगं, पिवळं चीज कुठाय यात?" मी विचारलं. "आणि जिरं? जिऱ्याविना कसलं गं हे? शी, हे काही अस्सल नव्हे."