नैऋत्येचा खर्ज : एक तारशास्त्रीय प्रबंध

नव्या घरात स्पीकरची वायर केव्हा घालावी, यावर शास्त्रकारांचे एकमत आहे : गिलाव्याच्या आधी. कुठून न्यावी, यावर मात्र एका घरातल्या दोन सख्ख्या भावांचेही होत नाही. जबलपुरात कांचघरला, घमापूरच्या अंगाला, एका मराठी कुटुंबाचे दुमजली घर या वादापायी बरेच दिवस उघड्या विटांवर थांबले होते. प्रस्तुत विवेचनाला आधार त्याच घराचा.

वादात मुख्य पक्ष दोन. भिंतवादी म्हणतात, झिरी मारा, पाइप गाडा, वरून प्लास्टर करा, विषय संपला. पट्टीवादी म्हणतात, नव्या भिंतीला कशाला फोडता, केसिंगची पट्टी ठोका, रंग मारला की दिसत नाही. (दिसते.) गालिच्याखालून वायर नेणाऱ्यांचा पक्ष पूर्वीच नामशेष झाला, कारण रोजचा केर कुणी काढायचा याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. उरले ब्लूटूथवादी नास्तिक : वायर हीच मुळी माया. पुण्यात शिकणारा भाचा या मताचा. त्याला इलेक्ट्रिशियनने एवढेच विचारले, "काय बड्डे, और बिजली? वो भी हवा से आएगी?" बिनतारी स्पीकरलाही प्लग लागतो; म्हणजे एक पातळ वायर वाचवायची आणि प्रत्येक कोपऱ्यात सॉकेट काढायचे. नास्तिक पक्ष चहा आणायला गेला.

जाडीचा प्रश्न गणिताने सुटतो, म्हणून तो कुणालाच सोडवायचा नव्हता. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध भरतो सुमारे ०.२३ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ०.४ ओहमपर्यंत चालतो, असा रूढ संकेत आहे. अर्थात दीड एमएम पुरे. पण घरातले मोठे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "चार टाका. वायर जाड असली की झोप लागते." या विधानाला उत्तर नाही. शेवटी अडीचवर तडजोड झाली.

आता मुख्य विषय, खर्ज. सबवूफर हे यंत्र साधारण २० ते १२० हर्ट्झचा आवाज काढते. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटरहून थोडी जास्त. २० हर्ट्झची सुमारे १७ मीटर, म्हणजे एक टोक आपल्या हॉलमध्ये तर दुसरे समोरच्यांच्या ओसरीवर. एवढ्या लांब लहरी कुठून आल्या हे कानाला नीट उमगत नाही. त्यामुळे बाकीच्या स्पीकरांना मानाच्या जागा लागतात, सबवूफर कुठेही बसतो. जबलपूरकरांना हे शिकवावे लागत नाही. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर दारूगोळ्याची चाचणी झाली की शहरातली तावदाने थरथरतात आणि धमाका कुठल्या दिशेचा हे कुणी विचारत नाही. शिवाय २२ मे १९९७ च्या पहाटे शहराने भूकंप अनुभवलेला. कपबशी वाजली की त्या पिढीची नजर आधी पंख्याकडे जाते. तो हलत नसेल तर सबवूफर, हलत असेल तर अंगण.

कुठेही बसतो खरा, पण कोपऱ्यात बसला की जास्त घुमतो, कारण दोन भिंती आणि जमीन मिळून आवाज पुढे ढकलतात. भाच्याने ईशान्येचा कोपरा धरला. तिथे देवघर. आजींनी विरोध केला नाही, फक्त विचारले, "घंटा आपोआप वाजायला लागली तर आरती कुणी म्हणायची?" मग सबवूफरची जागा ठरवण्याची जगन्मान्य पद्धत अवलंबण्यात आली. यात यंत्र ऐकणाऱ्याच्या जागी ठेवतात आणि ऐकणारा खोलीभर रांगतो. जिथे खर्ज भरदार आणि सारखा लागेल तिथे नंतर यंत्र ठेवायचे. उसन्या सबवूफरवर तबला लावून भाचा सिमेंटच्या धुळीत चार पायांवर फिरू लागला. "काय हरवलं रे?" म्हणत आजोबाही शोधायला वाकले. निष्कर्ष निघाला नैऋत्य. वास्तुशास्त्रही म्हणते, जड वस्तू नैऋत्येला ठेवावी. दोन शास्त्रांचे असे जुळणे दुर्मीळ, आणि दोघांनीही श्रेय आपल्याकडे घेतले.

सबवूफरची सिग्नलची केबल बारीक आणि जाळीदार आवरणाची असते. ती विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेली तर ५० हर्ट्झचा गुणगुणाट शिरू शकतो. म्हणून तिला वेगळा पाइप, आणि ओलांडायचेच झाले तर काटकोनात. इथे रे डॉल्बींचे स्मरण उचित ठरेल. १९६३ मध्ये ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आले आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी आवाजातली खरखर घालवण्याची कंपनी काढली. दोन वर्षांच्या मुक्कामात त्यांच्या कानांवर काय काय पडले असेल, याचा अंदाज कुठल्याही मंगल कार्यालयात बसून करता येतो.

राहिले मागचे दोन स्पीकर. ते ऐकणाऱ्याच्या नाकाच्या रेषेपासून ११० अंशांच्या आसपास हवेत. म्हणजे सोफा कुठे हे आधी ठरले पाहिजे. सोफा पंख्याखाली, आणि पंख्याचा हुक स्लॅबमध्ये. यावरून सिद्ध होते की घराचे ध्वनिशास्त्र स्लॅब पडला त्या दिवशीच ठरले, आणि ते सेंट्रिंगवाल्याने ठरवले. परंतु जबलपूरच्या उन्हाळ्यात सोफा खिडकीतल्या कूलरसमोर सरकतो आणि पाऊस लागला की परततो. सोफ्याला उत्तरायण-दक्षिणायन असताना स्पीकरला स्थिर मानणे अशास्त्रीय आहे. आमचे मत असे : वायर एकाच जागी गाडू नये, दोन्ही जागांपर्यंत रिकामा पाइप न्यावा, २५ मिलिमीटरचा, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड लावून, आत ओढदोरी सोडून. तोंडे कागदाचे बोळे कोंबून बंद करावीत. नाहीतर गिलाव्याचा माल आत जातो आणि स्प्रिंग निम्म्यावर अडते.

झिऱ्या बुजवण्यापूर्वी टेप लावून भिंतींचे फोटो काढावेत, हेही सांगून झाले होते. काढलेही. आता गिलावा वाळला, रंग झाला, आणि दक्षिणेच्या भिंतीवर आजी-आजोबांच्या लग्नाची तसबीर लावायची आहे. मिस्त्री खिळा धरून उभा आहे. ते फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत यावर पुन्हा दोन पक्ष पडले आहेत.