घर हजर, मालक गैरहजर

रत्नागिरीत घर घेणं आणि रत्नागिरीत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत फक्त बाहेरगावचे लोक करतात. इथला माणूस राहतो नालासोपाऱ्यात, दिव्यात, डोंबिवलीत. घर मात्र त्याचं रत्नागिरीत असतं. विचारलंत तर मान ताठ करून सांगेल, "आपला टू बीएचके आहे ना, साळवी स्टॉपला!" कोण राहतं तिथे? "राहायला कशाला पाहिजे कोण? आपलाच आहे."

हे गणित दिल्लीला अजून उमगलेलं नाही. 2021ची जनगणना लांबत लांबत 2027वर गेली आणि तिचा संदर्भ दिनांक ठरला 1 मार्च. कोकणातला एखादा कारकून त्या कचेरीत असता तर त्याने फायलीवर लिहिलं असतं, "साहेब, गणपतीत मोजा. ते जमत नसेल तर शिमग्यात मोजा, होळी 22 मार्चलाच आहे." तीन आठवडे थांबले असते तर पालखी नाचवायला आलेली सगळी माणसं आयती हाती लागली असती. 1 मार्चला प्रगणकाच्या हाती काय लागणार? कुलपं. त्याची सरकारी सोय आहे म्हणा. 2011 साली 'वापरात, पण कुलूपबंद' असा घरांचा एक प्रकारच होता. तो प्रकार बहुधा एखाद्या चाकरमान्यानेच सुचवला असावा.

त्या 2011च्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या भरली 16 लाख 15 हजार. दहा वर्षांपूर्वी ती जवळपास 16 लाख 97 हजार होती. सारा महाराष्ट्र त्या दशकात सोळा टक्क्यांनी वाढला आणि आम्ही घटून दाखवलं. राज्यात असा पराक्रम फक्त तीन जिल्ह्यांनी केला: मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी. कुटुंब नियोजनाचं पारितोषिक मागायला हरकत नव्हती. तज्ज्ञ या प्रकाराला स्थलांतर म्हणतात. घरची माणसं म्हणतात, "स्थलांतर कसलं? कामाला गेलेत." कामाला गेलेल्यांची नातवंडं आता निवृत्तीला आली, एवढंच.

जिल्ह्याचा दुसरा विक्रम पुढाऱ्यांना अधिक प्रिय आहे. 2011 साली इथे दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा 929. महिला दिनाच्या भाषणात हा आकडा हमखास येतो आणि कोकणच्या मातीत स्त्रीचा केवढा सन्मान आहे, हे सांगितलं जातं. व्यासपीठावर बसलेल्या बायका हसतात, कारण त्यांना ठाऊक असतं की आमच्याकडे बायका वाढलेल्या नाहीत, बापये गेलेत. सहा वर्षांखालच्या मुलांत मोजा, तिथे मुली हजाराला कमीच भरतात. एकदा का मुलगा बारावी होऊन तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढला, की स्त्रीसन्मान आपोआप वर जातो.

आता शहराकडे या. जिल्हा आटत असताना शहर सत्तर हजारांवरून शहात्तर हजारांच्या आसपास गेलं. दहा वर्षांत सहा हजार माणसं. पण शहराच्या वेशीवर फिरून पाहा: नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे. जिथे जांभ्याचा कातळ होता तिथे बेसमेंट, जिथे कलमं होती तिथे पार्किंग. हे मजले त्या सहा हजारांसाठी नाहीत. ते 'पुढेमागे' येणाऱ्यांसाठी आहेत. रत्नागिरीचा बांधकाम व्यवसाय सिमेंट, वाळू आणि 'पुढेमागे' या तीन कच्च्या मालांवर चालतो. मुलांची शिक्षणं झाली की येऊ, निवृत्त झालो की येऊ, महामार्ग पूर्ण झाला की येऊ. यातली शेवटची अट घालणारा माणूस निर्धास्त असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण त्याला शब्द पाळायची वेळ येऊ देणार नाही.

बाहेरच्या माणसासाठी रत्नागिरीत घर बांधायची कल्पना आजच्या बिल्डरांची नव्हे. ती इंग्रजांची. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत करून त्यांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. त्याला राजवाडा मिळाला 1910 साली. तोवर चोवीस वर्षं राजा सरकारने दिलेल्या बंगल्यांत दिवस काढत होता. ताबा मिळाल्यावर सहा वर्षांनी, 1916 साली तो वारला. शहरातला ताबा रखडल्याचा पहिला मोठा खटला हाच म्हणायचा, आणि 'समुद्राचं दृश्य' हे आमिषही तेव्हापासूनचं. फरक एवढाच की थिबाला इथे राहणं भाग होतं. इंग्रजांनी कैद केल्याशिवाय या शहरात कायम राहायला कोणी तयार होत नाही, असा याचा अर्थ काढू नये. पण काढलात तर खोडून काढायला पुरावा कमी पडेल.

या रिकाम्या इमारतींचा कारभार मात्र चोख आहे. सोसायटीचे अध्यक्ष डोंबिवलीत, सचिव भांडुपला, खजिनदार विरारला. सभा व्हॉट्सअ‍ॅपवर भरते आणि तिथे मताधिक्याने ठरतं की जिन्यातला दिवा रात्री दहाला बंद करावा. जिन्यातून जाणारं दुसऱ्या मजल्यावरचं एकच वृद्ध जोडपं असतं. त्यांना मत असतं, पण रेंज नसते. बाकीचे फ्लॅट वर्षाकाठी दहा दिवस उघडतात. पावसाळाभर भिंतींना बुरशी धरते, सोफ्याला वाळवी लागते, इन्व्हर्टर मान टाकतो. मे महिन्यात मंडळी उतरतात, तेव्हा शीळ धरणही तळाला चाललेलं असतं. मग नळाला बारीक धार येते आणि गॅलरीत उभं राहून चाकरमानी म्हणतात, "ह्या गावात राहायचं कसं, सांगा!" आणि परतीचं तिकीट बघतात.

मग हे फ्लॅट भाड्याने का देत नाहीत? असा प्रश्न विचारणाऱ्याने कोकणी माणसाला भाडेकरू म्हणजे काय वाटतं, हे आधी समजून घ्यावं. भाडेकरू म्हणजे कूळ. आणि कूळ म्हटलं की आजोबांच्या काळापासूनचे सगळे दावे कोर्टाच्या पायऱ्या चढू लागतात. त्यामुळे जिल्हा रुग्णालयात बदली होऊन आलेली परिचारिका खोली शोधत फिरते आणि तिच्या डोक्यावर चार मजले रिकामे उभे असतात. "देणार नाही असं नाही हो, पण गणपतीला आम्ही येतो ना!" दहा दिवसांच्या गणपतीसाठी तीनशे पंचावन्न दिवसांचं मखर सजवून ठेवायचं, ही श्रद्धा आहे. तिच्यावर भाडं आकारता येत नाही.

गावाकडच्या घराची तऱ्हा वेगळी. चिरेबंदी घर, पुढे पडवी, मागे परसू, सातबाऱ्यावर दोन डझन सहहिस्सेदार. त्यातले निम्मे वारलेले, तरी नावं कमी झालेली नाहीत. माजघरावरचं कौल फुटलं तर बदलायचं कोणी? बदलेल त्याचा हक्क बसेल, या भीतीने बाकीचे बदलू देत नाहीत. घर हळूहळू बसतं. हक्क शाबूत राहतो.

आता 1 मार्चच्या त्या मोजणीत रत्नागिरीत सापडणार कोण, ते पाहा. हापूसचा हंगाम तोंडावर असतो, म्हणून बागेत नेपाळी रखवालदार बायकापोरांसह हजर असतो, पत्र्याच्या खोपटात. मिरकरवाड्याला मासेमारी चालू असते, म्हणून खलाशी हजर असतात, तेही नेपाळचे, उत्तर प्रदेशचे, कर्नाटकचे. रात्री होडीवरच झोपतात. चौथ्या मजल्याचं प्लॅस्टर करणारा मजूर खालच्या तंबूत असतो. म्हणजे आंबा राखतो तो, मासा आणतो तो आणि फ्लॅट बांधतो तो, हे सगळे गावात असतात. फक्त ज्याचा फ्लॅट असतो तो माणूस तेवढा नसतो. प्रगणकाने हजर माणसं लिहिली, तर शहराचा चेहरा असा काही निघेल की सोसायटीच्या गटावर निषेधाचे संदेश पडतील: आमच्या गावात परप्रांतीय फार झाले! संदेश अर्थात डोंबिवलीहून.

यावर उपाय आहे. वर्षातले दोनशे दिवस जो राहतो किंवा कोणाला भाड्याने राहू देतो, त्याला घरपट्टीत सूट द्यावी आणि जो नुसतं कुलूप लावतो त्याच्याकडून दुप्पट घ्यावी. ठराव साधा आहे, नगरपरिषदेला समजण्याजोगा आहे. म्हणूनच तो मंजूर होणार नाही. हरकती मागवल्या की त्या मुंबईतून गठ्ठ्याने येतील. पाठिंबा द्यायला इथे उरलीत ती बिऱ्हाडं खोपटातली आणि होडीवरची, आणि त्यांची नावं मतदारयादीत नाहीत. ज्यांची आहेत, त्यांना मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या करून आणावं लागतं. आणि गाडीचं भाडं भरणारा उमेदवार त्यांच्याच कुलपावर पट्टी बसवील, एवढा भोळा माणूस अजून रत्नागिरीतून निवडून आलेला नाही.