सामू वर गेला

गॅलरीत मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर पालक वाढवायचं ठरवलं असेल, तर पहिली सूचना : घरात सामूविषयी मोठ्यानं बोलू नका. सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाच्या अहवालात हाच शब्द असतो, पण सोसायटीत तो अहवाल कोणी वाचलेला नसतो. मी एका सकाळी साडेसहाला गॅलरीतून हिला हाक मारून सांगितलं, "अगं, सामू रात्रीत वर गेला!" पाचव्या मिनिटाला शेजारच्या काकू दारात.

"कोण हो? कधी गेला?"

"रात्रीच. सहा पूर्णांक नऊ."

"अगं बाई, एवढंसं पोर!"

त्या दिवशी आमच्याकडे पिठलं-भात आला. पिठलं उत्तम होतं, पण दर वेळी असं जमेलच असं नाही.

आता उपकरण. पेनासारखं दिसणारं मीटर घ्यावं. सोबतच्या पुड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून ६.८६ आणि ४.०१ या दोन खुणांवर ते लावून घ्यावं. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेनसेन यांनी कोपनहेगनला कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत काढली. या सगळ्या तापाचं मूळ बिअरमध्ये आहे, हे हिला अजून माहीत नाही. पट्टीवरचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. म्हणून ६ चा ७ झाला तर "एकच तर वाढला" असं म्हणू नये. सातच्या पुढं पाण्यातलं लोह असून नसल्यासारखं होतं. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

सामू मुळात हलतो का, तर झाड जेवतं म्हणून. नायट्रेट खाल्लं की मुळं पाण्यात अल्क सोडतात आणि सामू चढतो. अमोनियम खाल्लं की आम्ल सोडतात, सामू उतरतो. बादली पारदर्शक असली तर शेवाळही या खेळात शिरतं. ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि आकडा आणखी चढवतं. त्यात आपलं बोअरचं पाणी! त्यातले बायकार्बोनेट आम्ल गिळून बसतात. संध्याकाळी फॉस्फोरिक आम्लाचे थेंब टाकून आकडा ५.८ वर आणावा, समाधानानं झोपावं, आणि सकाळी तो पुन्हा ६.७. यावर शहाण्या माणसाचा उपाय असा : आधी साध्या पाण्यात आम्ल घालायचं, हवेचा पंप रात्रभर चालू ठेवायचा, सकाळी पुन्हा मोजायचं आणि मगच खतं घालायची. आम्ही हे चौथ्या महिन्यात शिकलो. तोवर आमची पद्धत वेगळी होती : आम्ल जास्त झालं की पोटॅशची अल्क, अल्क जास्त झाली की आम्ल. अशानं क्षार साठत जातात, पालक माना टाकतो आणि माणूस मात्र दिवसभर कामात असतो. खरं तर ५.५ ते ६.५ मध्ये सामूला हवं तिथं खेळू द्यावं. पोर अंगणात असेल तर दर पाच मिनिटांनी हाक मारू नये.

सूक्ष्मजीवांचं प्रकरण जरा नाजूक आहे. मे महिन्यात बादलीतलं पाणी ३० अंशांवर जातं. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. मुळं कुजवणाऱ्या पिथियमला तेवढं निमित्त पुरतं. पांढरी मुळं चहाच्या चोथ्यासारखी होतात, बोटानं ओढली की साल हातात येते. म्हणून कृषी सेवा केंद्रातून बॅसिलस किंवा ट्रायकोडर्मा आणावं, पण ते मुळं धड असताना. आम्ही कुजल्यावर आणलं, आणि घाबरून त्याच संध्याकाळी हायड्रोजन पेरॉक्साइडही ओतलं. पाहुण्यांना पत्रिका पाठवून बोलवायचं आणि दारातच लाठीमार करायचा, तसं झालं. पेरॉक्साइडला चांगले-वाईट कळत नाही. ते टाकलंच, तर पाहुण्यांना दोन-चार दिवसांनी बोलवावं.

आणि गूळ घालू नये. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. गावाकडून आलेले मामा म्हणाले, "जीवामृतात गूळ घालतो की आपण. जिवाणूंना उपाशी ठेवतोस होय रे?" मामांपुढं मान खाली घालून मी वीस लिटरला लिंबाएवढा खडा सोडला. सकाळी बादलीवर डोशाच्या पिठासारखा फेस, वास गुऱ्हाळ आणि गटार यांच्या मधला, आणि आकडा ४.६. भलेबुरे सगळे जिवाणू गुळावर तुटून पडले होते. त्यांनी रात्रीत ऑक्सिजन संपवला आणि बदल्यात आम्ल सोडलं. शेतात माती बरंच काही पोटात घालते, बादलीला पोट नसतं. काकूंनी जिन्यात विचारलं, "आता सावरलात ना?" मी म्हटलं, "सामू एकदम खाली आलाय." त्यांनी दोन्ही हात जोडले.

शेवटची सूचना पेनाविषयी. त्याचं टोक कोरडं पडू देऊ नये. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे थेंब ठेवावेत. आणि सलग तीन दिवस आकडा ६.१ आला, तर पेढे वाटण्याआधी पेन ताकात बुडवून पाहावं. ताकात साडेचारच्या आसपास यायला हवा. आमच्याकडे ताकात ६.१ आला. मग लिंबाच्या रसात बुडवलं. ६.१.

पेढे काकूंकडे आदल्या संध्याकाळीच पोचले होते.