दोष पदरात घ्यायची पद्धत (पुणे शहर आणि उपनगरांतील नवशिक्यांसाठी)

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलेल्यांचे दोष घरच्यांना केव्हाच तोंडपाठ झालेले असतात. त्यांनी उजळणीपुरतं वाचलं तरी चालेल.

पूर्वतयारी

आधी एक दोष निवडा. एकच. पुण्यात पहिल्यांदाच स्वतःचे दोष शोधायला बसलेला माणूस हमखास अशी यादी करतो: मी फार स्पष्टवक्ता आहे, मला खोटं खपत नाही, वेळेच्या बाबतीत मी जरा जास्तच काटेकोर आहे. ही यादी फाडून टाका. हे दोष नव्हेत, स्थळाकडे पत्रिकेसोबत पाठवायचा मजकूर आहे. खऱ्या दोषाची खूण अशी की तो घरात दुसऱ्या कोणाला तरी महाग पडत असतो.

नमुना म्हणून पार्किंग घ्या. पेठांतल्या रस्त्यांवर पी-वन, पी-टूच्या पाट्या असतात. सम तारखेला गाडी एका बाजूला, विषमला दुसऱ्या. जन्म पेठेत काढलेले गृहस्थसुद्धा त्या पाटीखाली उभे राहून आज तारीख काय, हे खिशातल्या मोबाइलला न विचारता आकाशाला विचारतात. गाडी उचलली जाते. मग घरी येऊन महापालिका, वाहतूक शाखा आणि वाढती लोकसंख्या यांवर अर्धा तास व्याख्यान होतं, आणि ते ऐकणाऱ्या बाईने तारीख सकाळीच सांगितलेली असते. हा दोष शिकाऊंसाठी उत्तम. लहान आहे, सिद्ध आहे आणि पावतीसुद्धा आहे.

काही गोष्टी या पद्धतीत बसत नाहीत. हात उगारणं हा ‘स्वभाव’ नव्हे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. दारूचं व्यसन घरच्यांनी ‘स्वीकारून’ सुटत नाही. त्यासाठी पुण्यातच १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. इथे गंमत थांबते. पुढे चला.

उच्चार

दोष एका वाक्यात सांगायचा, काम सुरू होण्याआधी सांगायचा आणि वाक्यात ‘पण’ येऊ द्यायचा नाही. “अहो आई, मला मोदकाच्या कळ्या पाडता येत नाहीत.” इथे पूर्णविराम. “येत नाहीत, पण आमच्याकडे तांदळाची पिठी वेगळी असते” असं म्हटलंत की तो कबुलीजबाब राहत नाही, बचावाचं भाषण होतं. आणि समोर ज्यांची कारकीर्द स्वयंपाकघरात गेली आहे त्या उलटतपासणीला बसलेल्याच असतात.

आवाज साधा ठेवा. डोळ्यांत पाणी आणलं तर समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं, म्हणजे कामात काम वाढतं. ‘मी मेली कशाच्याच कामाची नाही’ हे तर मुळीच नको. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं सगळं आयुष्य हेच सांगण्यात गेलं की कृतीला हवे तेवढे कमी गुण द्या, अख्ख्या माणसाला नापास करू नका. कळ्या येत नाहीत म्हणजे कळ्या येत नाहीत, एवढंच.

गप्प बसणे

इथपर्यंत पुणेकर सहज पोचतो. खरं तर ‘मला ते जमत नाही’ हे वाक्य या शहरात अभिमानानेही म्हटलं जातं. पद्धत फसते ती यापुढे. कारण जमत नाही म्हणून काम दुसऱ्याकडे दिल्यावर देखरेख मात्र आपल्याकडेच राहते, अशी आपली समजूत असते.

समजा, कळ्यांचं काम घरातल्या मुलाकडे गेलं. त्याने हाताला तेल-पाणी लावलंय, उकडीचा गोळा घेतलाय, पारी करतोय. कडा जाड राहिल्यात. तुम्हाला दिसतंय. सासूबाईंना दिसतंय. तो अंगठा आणि पहिल्या बोटाने चिमटे काढायला लागतो. सात कळ्या होतात, आठवी अर्ध्यात फाटते. सारण जास्त भरतो, तोंड मिटवताना एका बाजूने गूळ डोकावतो. या क्षणी ओट्याशी उभ्या असलेल्यांनी हळदीची पानं धुवावीत. धुवून झाली असतील तर परत धुवावीत. “अरे, कड आधी पातळ कर” हे वाक्य कितीही बरोबर असलं तरी ते उच्चारण्याचा हक्क तुम्ही मघाशी कळ्यांबरोबर सोडलेला आहे. चाळणीत तो मोदक फुटेल. फुटू द्या. गणपतीला एकवीस लागतात, फुटलेला मुलाने उभ्या उभ्या खावा.

मोबदला

स्वीकारलेला दोष फुकट मिळत नाही. कळ्या सोडल्या तर नारळ खवणं घ्या, भांडी घ्या. नाहीतर त्याला आळस म्हणतात, आणि तो ओळखायला घरच्यांना पुस्तक लागत नाही. आपण मोबदला भरपूर दिला आहे, या भावनेवरही फार विसंबू नका. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांत दोघांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी पुण्याचाच दाखला आहे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. पत्नी इरावतीबाई, डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ. पन्नासच्या दशकात त्या पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवत. दोघांत अधिक बुद्धिमान कोण, हे दिनकररावांनी लवकरच ओळखलं आणि पटवून घेतलं. त्या काळच्या प्राध्यापकाने हे पटवून घेणं मला तरी मोदकाच्या कळ्यांपेक्षा अवघड वाटतं. मग त्यांनी काय केलं? सकाळी त्या निघण्याआधी स्कूटरमध्ये पेट्रोल आणि पाकिटात पैसे आहेत ना, हे ते बघून ठेवत. इरावतीबाईंच्या ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला; पेट्रोलचा उल्लेख मानपत्रात करायची पद्धत नाही. एकाचं पुढे जाणं आणि दुसऱ्याचं मागे उभं राहणं असं बिनबोभाट जुळलं, तर तिसऱ्याने त्यात तोंड घालू नये.

अडचणी

सासरे म्हणाले, “माझ्यात एकही दोष नाही,” तर वाद घालू नका. दोष नसणं हाच एक दोष समजून तो आपणच परस्पर स्वीकारावा आणि वर्तमानपत्र आधी त्यांच्या हातात द्यावं.

नवऱ्याने एकाच दिवशी सात दोष जाहीर केले आणि सातही स्वयंपाकघरातलेच निघाले, तर अर्ज फेटाळावा.

हे पान शाळकरी मुलांपासून दूर ठेवावं. ‘गणित माझ्याच्याने होणार नाही, मी स्वतःला स्वीकारलंय’ हे वाक्य सहामाहीच्या आदल्या दिवशी ऐकू येईल. आलंच, तर दहावीपर्यंत स्वीकाराचे सर्व अधिकार पालकांकडे राखीव असल्याचं सांगून वही पुढे सरकवावी.